स्वस्त सौरघटाचा इतिहास आणि कोल्हापूर



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. परंतु वस्तूंनाही इतिहास असतो, आणि वस्तू करण्याच्या रीतींनाही असतो. आज मी अशाच एका रीतीचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. उन्हापासून वीज करणारा घट स्वस्तात कसा करावा, या प्रश्नाचा हा इतिहास आहे. त्याचा एक धागा पॅरिस, न्यू जर्सी, योकोहामा असा फिरून आपल्या गावाच्या पूर्वेकडील माळावर, शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात येऊन पोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

या व्याख्यानात ‘स्वस्त’ हा शब्द वारंवार येणार आहे. वरवर पाहता तो सोपा वाटतो. परंतु या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे त्या एका शब्दाचा अर्थ लावण्याची धडपड होय. एखादी वस्तू करायला स्वस्त असते, एखादी विकत घ्यायला स्वस्त असते, आणि एखादी वापरायला स्वस्त असते. या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. त्यांची गल्लत केली म्हणून चांगले चांगले शोध कसे बुडाले, हेही आपल्याला पाहावयाचे आहे.

एका वर्षातील दोन जन्म

१८३९ या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पॅरिसमध्ये एदमाँ बेकरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाने आम्लाच्या द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांवर चांदीच्या क्षाराचा थर दिला, आणि प्रकाश पडताच वीज वाहू लागते असे दाखविले. प्रकाशापासून थेट वीज मिळण्याचा हा पहिला दाखला. त्याच वर्षी जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव रोझे याने रशियातील उरल पर्वतातून आलेल्या एका काळसर खनिजाचे वर्णन केले. कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे ते संयुग होते. पेरोव्हस्की नावाच्या रशियन मुत्सद्द्याला खनिजे जमविण्याचा छंद होता. त्याचे नाव रोझेने या खनिजाला दिले. पेरोव्हस्काइट ते हेच.

पुढे याच ठेवणीचे स्फटिक शेकडो पदार्थांत सापडले. त्यामुळे ‘पेरोव्हस्काइट’ हे एका दगडाचे नाव न राहता रचनेचे नाव झाले. जसे ‘वाडा’ म्हटल्याने चौक, पडवी आणि माडी यांची मांडणी कळते, मग तो दगडाचा असो की विटांचा, तसेच हे आहे. या मांडणीत तीन प्रकारचे अणू ठरावीक जागी बसतात. ते कोणते, हे मात्र बदलता येते.

हरलेला घट

बेकरेलनंतर शंभर वर्षे हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहलापलीकडे गेला नाही. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स या अमेरिकनाने सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा वर्ख चढवून घट केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी एक भागही विजेत उतरत नसे. खरा आरंभ झाला तो १९५४ साली. त्या वर्षी न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा घट केला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. वर्तमानपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला, आणि तो योग्यच होता.

पण त्याच वर्षी अमेरिकेतच आणखी एक घट जन्मास आला, आणि त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. रेनॉल्ड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम सल्फाइड या पिवळ्या पदार्थापासून सौरघट केला. त्याचीही कार्यक्षमता जवळपास तेवढीच होती. सिलिकॉनसाठी वाळूपासून अतिशुद्ध मूलद्रव्य काढावे लागते, ते १,४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवावे लागते, त्याचा एकसंध स्फटिक ओढावा लागतो आणि मग त्याच्या चकत्या कापाव्या लागतात. कॅडमियम सल्फाइडचे तसे नव्हते. त्याचा पातळ थर काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर देता येई. तो थर तांब्याच्या क्षाराच्या गरम द्रावणात काही क्षण बुडविला की वरचा भाग कॉपर सल्फाइडचा होई आणि घट तयार होई. १९६६ मध्ये चेंबरलिन आणि स्कारमन यांनी तर द्रावणाचा फवारा तापलेल्या काचेवर मारून हा थर देण्याची रीत प्रसिद्ध केली. यापेक्षा स्वस्त काय असू शकेल?

तरीही हा घट हरला. १९८१ च्या सुमारास त्याची कार्यक्षमता दहा टक्क्यांपर्यंत गेली, पण त्याचा मूळ दोष काही केल्या जाईना. त्यातील तांब्याचे अणू एका जागी स्थिर राहत नसत. उन्हात आणि दमट हवेत ते हळूहळू सरकत आणि घट निकामी होई. १९८० च्या दशकात कारखानदारांनी त्याचा नाद सोडला. उलट महागडे सिलिकॉन टिकत होते. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ उपग्रहावर बसविलेले सिलिकॉनचे घट काही वर्षे चालले. टिकाऊपणामुळे गिऱ्हाईक मिळाले, गिऱ्हाईक मिळाल्यामुळे कारखाने वाढले, आणि कारखाने वाढले तसतशी किंमत उतरली. १९७० च्या दशकाच्या मध्यास एका वॅटच्या पट्टिकेला अनेक डॉलर पडत. आज एका डॉलरचा पंचमांशही पडत नाही. म्हणजे जो घट स्वस्त म्हणून जन्माला आला तो नाहीसा झाला, आणि जो महाग म्हणून जन्माला आला तोच शेवटी स्वस्त झाला. हा धडा आपण मनाशी पक्का धरून पुढे जाऊ.

माळावरची प्रयोगशाळा

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे संशोधक होते. नव्या विद्यापीठाजवळ जागा मोठी होती, पण सिलिकॉनचा स्फटिक ओढण्याच्या भट्ट्या नव्हत्या, आणि त्या विकत घेण्याइतका पैसाही कोणत्याही प्रादेशिक विद्यापीठाजवळ असणे शक्य नव्हते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा जगभर सूर्याच्या उर्जेचे संशोधन जोरात सुरू झाले. आपल्या सरकारनेही १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला आणि १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग काढला. या लाटेत कोल्हापूरच्या पदार्थवैज्ञानिकांनी जो मार्ग निवडला तो त्यांच्या खिशाला परवडणारा होता. परंतु केवळ परवडतो म्हणून निवडलेला मार्ग म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

हा मार्ग म्हणजे चंचुपात्रातील रसायनाचा. कॅडमियमचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात अमोनिया घालायचा, मग थायोयुरिया घालायचा आणि पात्र गरम पाण्यात ठेवायचे. स्वच्छ धुतलेली काच त्यात उभी करायची. तासाभरात काचेवर झळझळीत पिवळा थर चढतो. अमोनियाचे काम येथे मोठे खुबीचे आहे. तो कॅडमियमला धरून ठेवतो आणि थोडाथोडा सोडतो. एकदम सोडला तर सगळे पात्राच्या तळाशी गाळ होऊन बसेल. सावकाश सोडला तरच तो काचेवर एकसारखा बसतो. प्रा. एस. एच. पवार, प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांचे सहकारी यांनी या रीतीने अनेक पदार्थांचे पातळ थर केले, आणि ते द्रावणात बुडवून प्रकाशावर चालणारे घट केले. बेकरेलच्या मूळ प्रयोगाचीच ही वंशपरंपरा होय. रासायनिक रीतीने थर देण्याविषयी लोखंडे यांनी १९९१ मध्ये लिहिलेला आढावा, आणि फवाऱ्याच्या रीतीविषयी प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये लिहिलेला आढावा, हे त्या विषयातील अभ्यासकांचे नित्याचे आधार झाले. याच घराण्यातील आणखी एक रीत फ्रान्समधील निकोलाउ याने १९८५ च्या सुमारास मांडली. तीत काच आधी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि असे शेकडो वेळा करायचे. या रीतीचा २००४ मधील सविस्तर आढावाही कोल्हापूरच्याच पठाण आणि लोखंडे यांचा आहे.

त्या काळी या कामाकडे काहीशा तुच्छतेने पाहणारे लोक होते. निर्वात यंत्रांत केलेला थर तो खरा, चंचुपात्रातला तो गरिबाघरचा, असा एक समज होता. या समजुतीचा निवाडा पुढे काळानेच केला.

शिशाचा स्फटिक

आता आपण पेरोव्हस्काइटकडे परत जाऊ. १८९३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात वेल्स याने सीझियम, शिसे आणि आयोडिनसारखे हॅलोजन यांची संयुगे तयार केली. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या मोलर याने दाखविले की यांची रचना पेरोव्हस्काइटची आहे, आणि प्रकाशात ती वीज वाहू देतात. १९७८ मध्ये श्टुटगार्टच्या डीटर वेबर याने सीझियमच्या जागी मेथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक बसविला. इतके सारे ठाऊक असूनही त्याचा सौरघट करावा हे कोणाला सुचले नाही. शोध लागणे आणि शोध कामाला लागणे यांत किती अंतर असते याचे हे बोलके उदाहरण आहे.

२००९ मध्ये जपानच्या योकोहामा येथील मियासाका आणि त्यांचा विद्यार्थी कोजिमा यांनी तो पदार्थ सौरघटात घातला. कार्यक्षमता आली ३.८ टक्के. घटात द्रव होता, आणि त्या द्रवात स्फटिक काही मिनिटांत विरघळून जाई. २०१२ मध्ये कोरियाच्या पार्क यांनी आणि ऑक्सफर्डच्या स्नेथ यांनी द्रव काढून घन थर घातला, आणि आकडा दहाच्या आसपास गेला. २०१३ मध्ये तो पंधरावर, आणि आज छोट्या घटात सव्वीसच्या पुढे आहे. सिलिकॉनला जो प्रवास करायला अर्धे शतक लागले तो याने पंधरा वर्षांत केला.

याचे कारण काय? हा पदार्थ प्रकाश इतका चांगला शोषतो की अर्ध्या मायक्रॉनचा थर पुरतो. सिलिकॉनची चकती त्याच्या शेकडो पट जाड असते. शिवाय त्याच्या स्फटिकातील दोष विजेच्या वाहतुकीस फारशी आडकाठी करीत नाहीत. म्हणूनच तो भट्टीत न करता द्रावणातून करता येतो. त्याला लागणारी उष्णता साधारणपणे १०० ते १५० अंश इतकीच असते. करवीर तालुक्यातील गुऱ्हाळात काहिलीतला गूळ ११८ अंशांच्या सुमारास उतरवितात, हे आपणास ठाऊक आहेच. म्हणजे हा थर करण्याला लागणारी उष्णता काहिलीतल्या गुळाएवढीच आहे.

आणि येथेच कोल्हापूरच्या चंचुपात्राचा मान वाढला. २०१३ च्या प्रसिद्ध प्रयोगात स्वित्झर्लंडच्या ग्रेट्झेल यांच्या प्रयोगशाळेने लेड आयोडाइडचा पिवळा थर दुसऱ्या द्रावणात नुसता बुडविला, आणि काही सेकंदांत तो काळसर पेरोव्हस्काइट झाला. बुडवून थर बदलण्याची ही रीत आपल्या माळावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या रीतीची सख्खी बहीण आहे. २०२१ मध्ये अमेरिका आणि कोरिया येथील संशोधकांनी २५ टक्क्यांपुढचा घट केला, तेव्हा त्यातील टिन ऑक्साइडचा महत्त्वाचा थर रासायनिक द्रावणात काच बुडवूनच दिला होता. गरिबाघरची म्हणून जी रीत बाजूला सारली जाई, ती अव्वल घटात मानाने जाऊन बसली.

विद्येबरोबर माणसेही गेली. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर काम करून तयार झालेले अनेक तरुण दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांत पोचले. त्यांतील डॉ. सावंता माळी आणि डॉ. ज्योती पाटील यांनी ग्वांगजू येथील चोन्नाम विद्यापीठात प्रा. होंग यांच्याबरोबर केलेले काम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी सेंद्रिय घटक काढून टाकून पुन्हा सीझियम घेतले, कारण ते उष्णतेत अधिक टिकते. आणि थर वाळविण्यासाठी त्यावर गरम हवेचा झोत सोडला, तोही उघड्या हवेत. बंद पेटीतील कोरडा नायट्रोजन न लागणे, हीच केवढी बचत आहे! २०२३ मध्ये त्यांनी एकाच पदार्थाच्या दोन स्फटिकरूपांचा जोड देऊन २१.५ टक्क्यांवर मजल मारली, आणि सुमारे १८ चौरस सेंटिमीटरच्या पट्टिकेतही जवळपास १८ टक्के मिळविले.

नखाएवढ्या घटापासून दाराएवढ्या पट्टिकेपर्यंत

आपण अजून प्रयोगशाळेतच आहोत हे येथे सांगितले पाहिजे. जे मोठे आकडे वर्तमानपत्रांत येतात ते बहुधा नखाएवढ्या घटाचे असतात. तो करताना काचेवर द्रावणाचा थेंब टाकून ती भोवऱ्यासारखी फिरवितात. थर उत्तम होतो, पण नव्वद टक्क्यांहून अधिक द्रावण उडून वाया जाते, आणि दाराएवढी काच अशी फिरविता येत नाही. म्हणून कारखान्यासाठी निराळ्या रीती शोधाव्या लागल्या. एक रीत पात्याने सारविण्याची, दुसरी अरुंद फटीतून द्रावणाचा पडदा सरकत्या काचेवर सोडण्याची, तिसरी फवाऱ्याची, चौथी जाळीतून छपाई करण्याची. २०१४ मध्ये चीनमधील वुहानच्या हान यांनी जाळीच्या छपाईने घट केला आणि सोन्याऐवजी काजळीसारखा स्वस्त कार्बन वापरला. कार्यक्षमता १२.८ टक्केच होती, पण तो उन्हात हजार तासांवर टिकला. इचलकरंजीच्या कापडावर छपाई करणाऱ्या कारागिराला ही रीत पाहून फार नवल वाटणार नाही.

खरी अडचण सारविण्यात नसून वाळविण्यात आहे. ओला थर सगळीकडे एकाच क्षणी स्फटिक व्हावा लागतो. कडेला आधी आणि मध्ये नंतर असे झाले की सूक्ष्म भोके पडतात, आणि दाराएवढ्या पट्टिकेत एक भोकसुद्धा वीज गळण्यास पुरते. त्यातून मोठा थर एकसंध ठेवला तर विरोधामुळे वीज वाटेतच खर्च होते. म्हणून लेसरने त्याच्या अरुंद पट्ट्या पाडून त्या एकमेकींस जोडतात. या रेघांची जागा वीज देत नाही. या सर्व कारणांनी घट मोठा झाला की कार्यक्षमता उतरते. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतील कारखान्यातून पेरोव्हस्काइट आणि सिलिकॉन यांच्या जोडघटांच्या पट्टिका अमेरिकेतील एका गिऱ्हाईकाकडे पाठविल्या. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. प्रयोगशाळेतील असे जोडघट ३४ टक्क्यांवर गेलेले आहेत. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही २०१० पासून प्रकाशविद्युत् संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि तेथे असे जोडघट करण्याचे काम चालू आहे.

जुन्या प्रश्नाची नवी फेरी

आता १९५४ चा धडा पुन्हा आठवू. समजा, एक पट्टिका शंभर रुपयांची आहे आणि पंचवीस वर्षे चालते. तिचा वर्षाचा खर्च चार रुपये. दुसरी पन्नास रुपयांची आहे आणि पाच वर्षे चालते. तिचा वर्षाचा खर्च दहा रुपये. शिवाय दर पाच वर्षांनी ती उतरविणे आणि नवी चढविणे, ही मजुरी निराळीच. पेरोव्हस्काइटचे शत्रू तेच आहेत, जे कॅडमियमच्या घटाचे होते: पाणी, ऊन आणि जागेवर न थांबणारे अणू. तेथे तांबे सरकत होते, येथे आयोडाइड सरकते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे मी सांगायला नको. जी पट्टिका गगनबावड्याच्या पावसात टिकेल ती कोठेही टिकेल, आणि जी टिकणार नाही तिला आपण स्वस्त म्हणू नये.

दुसरा प्रश्न शिशाचा. एका चौरस मीटरच्या थरात शिसे एका ग्रॅमहूनही कमी असते. प्रमाण अल्प आहे, परंतु ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आहे, म्हणून पट्टिका फुटली तर ते जमिनीत उतरू शकते. शेतात लावायच्या वस्तूबद्दल ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पक्के सीलबंद आवरण, आणि जुन्या पट्टिका परत घेण्याची सक्ती, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून असल्या पाहिजेत. पंचगंगेच्या प्रदूषणाचा अनुभव गाठीस असलेल्या गावाने हे दुसऱ्याकडून शिकण्याची गरज नाही.

मग आपल्याला याचे एवढे अगत्य का असावे? ऊस आणि भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटार चालू करायला बांधावर जावे लागते, हे त्याचे जुने दुखणे आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना काढली, आणि तिच्या पट्टिका रानोमाळ उभ्या राहू लागल्या. परंतु त्यांतील सिलिकॉनच्या चकत्या बहुतांशी चीनमधून येतात. वीज आपल्या उन्हाची, घट दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे. सिलिकॉनच्या प्रचंड भट्ट्यांत आता आपण त्यांना गाठू शकू की नाही याची शंका वाटते. पण द्रावण, छपाई आणि गरम हवा यांवर चालणारा कारखाना ज्या आकाराचा असतो, तो आकार या जिल्ह्याला परका नाही. शिरोलीच्या फौंड्र्या आणि इचलकरंजीचे यंत्रमाग याच मापाच्या भांडवलावर उभे राहिले.

शेवटी आपल्याच एका वस्तूकडे मी आपले लक्ष वेधतो. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. दगडी खांब, आणि त्यांच्या खाचांत पावसाळ्यानंतर घालावयाचे बरगे. एवढीच ती रचना. धरणाच्या मानाने तो अतिशय स्वस्त. परंतु तो टिकला तो केवळ स्वस्त म्हणून नव्हे. बरगे केव्हा घालायचे, केव्हा काढायचे, कुजलेला कोणता बदलायचा, हे गावाला ठाऊक होते. जेथे ही देखभाल सुटली तेथे बंधारा गळू लागला. स्वस्त वस्तूला नेहमीच जाणती माणसे लागतात. मजबूत वस्तू अज्ञान सोसते. स्वस्त वस्तू ते सोसत नाही.

माळावरच्या प्रयोगशाळेने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे निर्माण केले ते मुख्यतः हेच आहे: थर कसा चढतो आणि का बिघडतो, हे हाताने जाणणारी माणसे. ती माणसे ग्वांगजूला गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. विद्या ही प्रवासानेच वाढते. दुःख करावयाचे ते एवढ्याचसाठी की ती परत येतील तेव्हा त्यांना काम देणारा, चंचुपात्र आणि कारखाना यांच्या मधला दुवा येथे अजून पुरेसा उभा राहिलेला नाही. विद्यापीठाचा माळ आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत यांच्यामध्ये अंतर काही मैलांचेच आहे. ते कापले गेले नाही, तर हरलेल्या घटांच्या यादीत आणखी एकाची भर पडेल, आणि या वेळी तो घट आपल्या ओळखीचा असेल.